चार वर्षं झाली, बाबा अजून त्याच दिवशी अडकलेत. हा आजार म्हणायचा का?

ताई, तुम्ही सविस्तर लिहिलंय ते बरं केलंत. इतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून आधी थोडक्यात मांडते. तुमची आई मे २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, मिरजेतल्या एका हॉस्पिटलात वारली. बाबा एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर, वय ६८. तासगाव तालुक्यात तुमच्या भाऊ-वहिनींबरोबर राहतात, तुम्ही पुण्यात. आईचा साधा बटणांचा मोबाईल ते अजून रोज रात्री देवघराशेजारच्या फळीवर चार्जिंगला लावतात आणि रिचार्ज संपू देत नाहीत. लग्नकार्याला जात नाहीत. मिरजेत पाऊल टाकत नाहीत, त्यापायी मोतीबिंदूचं ऑपरेशन रखडलंय. कोरोनात गेलेल्यांच्या घरी सरकारनं दिलेले पन्नास हजार खात्यात तसेच पडून आहेत. आणि दिवसातून कितीतरी वेळा एकच वाक्य: ‘मी तिला एकटीलाच पाठवली.’ वहिनी म्हणतात आईंचं कपाट आता रिकामं करू या, काका म्हणतात नृसिंहवाडीला दत्ताच्या दर्शनाला नेऊन आणा, गावातल्या डॉक्टरांनी झोपेची गोळी चालू केलीय. माणसानं किती दिवस दुःख करावं, हा आजार आहे का, आणि आम्ही काय करायचं, हे तुम्ही विचारताय.

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, याच भागात बरीच वर्षं काम करते. बाबांना समोर बसवून बोलल्याशिवाय निदान करता येत नाही, ते मी इथे करणारही नाही. तुमच्या लिहिण्यावरून काय वाटतं ते सांगते आणि कुठे ते चुकू शकतं तेही सांगते.

तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं तेव्हा एक गोष्ट खटकली. आई गेल्यानंतरची चार वर्षं तुम्ही बारकाईनं सांगितलीत. आई गेली तो दिवस मात्र ‘हॉस्पिटलात गेली’ एवढ्यावर उरकलात. तिला दाखल करायला कोण गेलं होतं, बाबा तेव्हा कुठे होते, बातमी कुणी दिली, अग्नी कुणी दिला, काहीच नाही. माझा अंदाज असा की तुमच्या घरात तो दिवस कुणी सांगतच नाही. बाबा ते एक वाक्य म्हणतात, बाकीचे ‘जाऊ द्या बाबा आता’ म्हणतात आणि विषय मिटतो. किती दिवस दुःख करावं या प्रश्नापेक्षा मला हा प्रश्न मोठा वाटतो, कारण उपचाराचा रस्ता तिथूनच जातो.

तरी दिवसांचं उत्तर देते. जवळचं माणूस गेल्यावर बहुतेक लोक कसल्याही उपचाराशिवाय हळूहळू सावरतात. पहिल्या काही महिन्यांत झोप उडणं, जेवण न जाणं, गेलेल्या माणसाची हाक ऐकू आल्यासारखी वाटणं, दारात चाहूल लागणं यात वेड लागल्याचं काही नसतं. दहातल्या साधारण एकाचं दुःख मात्र जिथल्या तिथे थांबून राहतं. अपघात, आत्महत्या, खून अशा मृत्यूंनंतर हे प्रमाण बरंच वाढतं. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची अकरावी यादी जानेवारी २०२२ पासून लागू झाली, तिच्यात याला ‘प्रोलाँग्ड ग्रीफ डिसऑर्डर’, म्हणजे लांबलेल्या दुःखाचा आजार, म्हणून स्वतंत्र जागा मिळाली आणि किमान सहा महिन्यांची अट घातली गेली. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं मार्च २०२२ च्या सुधारित नियमावलीत मोठ्या माणसांसाठी एक वर्ष धरलंय, मुलांसाठी सहा महिने. त्या त्या समाजाच्या रीतीपेक्षा ते दुःख उघडपणे जास्त असलं पाहिजे, असंही दोन्हीकडे म्हटलंय. आपल्याकडे वर्षश्राद्धापर्यंत घरात मंगलकार्य करत नाहीत, पहिल्या दिवाळीला करंजीही दुसऱ्याच्या घरून येते. तेव्हा पहिलं वर्ष मी आजाराच्या हिशेबात धरत नाही, माणूस अगदीच कोलमडला असेल तर गोष्ट निराळी.

वर्ष उलटल्यावर मी काय बघते? गेलेल्या माणसाचा ध्यास जवळजवळ रोज आहे का, तोही इतका की हातातलं काम सुटावं. त्याच्या जोडीला आणखी काही: ती गेलीय हे मनानं मानलेलंच नाही, आपला अर्धा भाग गेला असं वाटतं, आठवण करून देणाऱ्या जागा आणि माणसं टाळली जातात, राग किंवा अपराधीपणा ओसरत नाही, मन बधिर झालंय, जगण्यात राम उरलेला नाही, चार माणसांत बसूनही एकटं वाटतं. यातलं तीन-चार ठळकपणे असेल आणि त्यापायी रोजचं जगणं आक्रसलं असेल, तर मी त्याला उपचाराची गरज आहे असं म्हणते. मोतीबिंदू पिकलाय आणि माणूस मिरजेत जायला तयार नाही, म्हणजे जगणं आक्रसलंय. गावाकडचे लोक ‘म्हाताऱ्यानं हाय खाल्लीय’ म्हणतात, ते काही चुकीचं बघत नसतात. फक्त त्याच्यावर इलाज आहे हे त्यांना माहीत नसतं.

इथे ते पाच पायऱ्यांचं प्रकरणही बाजूला काढते, कारण व्हॉट्सॲपवर ते फिरत असतं: नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये ते मांडलं ते मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेली माणसं अशा ओळीनं पायऱ्या चढत नाहीत. ‘बाबा अजून पहिल्याच पायरीवर आहेत’ असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका.

आता मोबाईल. तुम्हा सगळ्यांना तीच गोष्ट सर्वांत विचित्र वाटतेय. मला ती सर्वांत कमी काळजीची वाटते. गेलेल्या माणसाशी नातं तोडायचं, मन तिथून काढून घ्यायचं, तरच दुःख संपतं, अशी समजूत मानसशास्त्रात बराच काळ होती. १९९० च्या दशकापासून ती मागे पडली. माणसं नातं तोडत नाहीत, त्याचं रूप बदलतात. फोटोला हार घालणं, तिच्या हातच्या चवीची आमटी करायला जाणं, तिच्या नावानं शाळेला वह्या देणं ही सगळी तीच नाती आहेत. म्हणून मोबाईल ठेवलाय हा मुद्दा नाही, ते त्याच्याशी काय करतात ते बघा. तो हातात घेऊन त्यांना तिच्या गप्पा आठवत असतील, चेहरा सैल होत असेल, तर राहू दे. तो चालू नसला तर ‘तिचा फोन यायचा राहील’ अशी धास्ती वाटत असेल, लाईट गेली की जीव कासावीस होत असेल, तर ती गेलीय हे मानणंच थांबलंय. हा फरक तुम्हाला पुण्यातून कळणार नाही. शेजारी बसून विचारावं लागेल, ‘बाबा, हा लावताना मनात काय येतं?’

कोरोनातल्या मृत्यूंनी आमच्याकडे जे लोक आणले त्यांच्यात एक गोष्ट सारखी दिसली, विधी झालाच नाही. तुमच्या आईचं लक्षात घ्या. नवरा जिवंत असताना बाई गेली की आपल्याकडे तिची पाठवणी वेगळी असते. हिरवी साडी, मळवट, बांगड्या, ओटी. बायका येऊन कुंकू लावून जातात. तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनाला भावकी जमते, दहाव्याला सगळे कावळ्याची वाट बघत बसतात, पोरं काहीतरी कबूल करतात, तेव्हा कुठे तो शिवतो. या प्रत्येक टप्प्यावर, ती गेली हे माणसाला चार लोकांदेखत, हातानं काहीतरी करत, पुन्हा पुन्हा कळत जातं. बाबांच्या वाट्याला एक फोन आणि लांबून दिसलेली प्लास्टिकची पिशवी आली असेल, कदाचित तीही नाही. वर नंतर भेटायला आलेल्या बायका म्हणाल्या असणार, ‘भरल्या कपाळानं गेली, नशीबवान.’ ज्या नवऱ्याला ते कपाळ शेवटचं बघताही आलं नाही त्याला हे ऐकून काय वाटलं असेल?

यात आणखी एक सल असतो, तो सहसा उशिरा बाहेर येतो. केंद्र सरकारच्या मार्च २०२० च्या सूचनांमध्ये नातेवाइकांना लांबून चेहरा दाखवायला, न शिवता होणारे विधी करायला आणि राख न्यायला परवानगी होती. प्रत्यक्षात त्या धावपळीत बऱ्याच ठिकाणी तेवढंही झालं नाही. काही जणांना हे वर्ष-दोन वर्षांनी कळतं आणि मग ‘मी भांडलो का नाही’ ही नवी टोचणी सुरू होते. बाबांना हे ठाऊक आहे की नाही ते बघा. ठाऊक नसेल तर आवर्जून सांगायला जाऊ नका, विचारलं तर लपवूही नका. त्या पन्नास हजारांबद्दलही माझा अंदाज असाच आहे. ते काढले म्हणजे हिशेब मिटला, तिची किंमत घेतली, असं अनेकांना वाटतं. सध्या त्याला हात लावायची गरज नाही.

‘मी तिला एकटीलाच पाठवली’ या वाक्याला तुम्ही काय उत्तर देता? बहुतेक घरांत उत्तर ठरलेलं असतं: ‘तुमचा काय दोष बाबा, तेव्हा सगळ्यांचंच तसं झालं.’ हे खरं आहे, पण उपयोगी पडत नाही. अपराधी वाटणाऱ्या माणसाच्या मनात त्या दिवसाचं एकच दृश्य उरलेलं असतं, अलीकडचं-पलीकडचं सगळं गळून गेलेलं असतं. बाहेरून दिलेला निर्दोषपणाचा दाखला त्या दृश्याला भिडतच नाही. त्यांना स्वतःच्या तोंडून तो दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत सांगावा लागतो.

एक उदाहरण देते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. नदीकाठच्या गावातला एक शेतकरी, २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात धाकटा भाऊ वाहून गेलेला. गोठ्यातली जनावरं सोडायला गेला तो परत आला नाही. हा दोन वर्षांनी माझ्याकडे आला तो पाठदुखीचे सगळे फोटो आणि रिपोर्ट घेऊन. तोंडी एकच: ‘मीच म्हणालो, जा म्हशी सोडून ये.’ मी त्याला डोळे मिटून, आत्ता घडतंय अशा बोलीत, पहाटेपासून सांगायला लावलं. पहिल्या वेळी चार मिनिटांत गोष्ट संपली. तेच सांगणं मोबाईलवर रेकॉर्ड करून घरी रोज ऐकायला दिलं, पुढच्या आठवड्यात पुन्हा सांगायला लावलं. सांगता सांगता गोष्ट लांबायला लागली. पाणी उंबऱ्याला लागलं होतं, आईला खुर्चीवर बसवून दोघांनी उचलून शाळेत नेलं, दावी कापायला विळा सापडत नव्हता. आणि मग एके दिवशी सांगता सांगता तो थांबला. पाणी गुडघ्याच्या वर आल्यावर त्यानं भावाला दोनदा हाका मारल्या होत्या, ‘राहू दे, मागं फिर’ म्हणून. भावानं हात हलवून ‘आलोच’ म्हटलं होतं. हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. त्या एका वाक्याखाली ते दबून गेलं होतं. मी काही समजावलं नव्हतं. त्या दिवशी तो बराच वेळ रडला, आणि जाताना पहिल्यांदा भावाच्या वांडपणाची एक गोष्ट हसत सांगून गेला. पाठ मात्र आणखी काही महिने दुखत राहिली.

या पद्धतीवर नीट काम झालेलं आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कॅथरीन शिअर यांनी रेंगाळलेल्या दुःखासाठी साधारण १६ बैठकींचा उपचार बसवला. पन्नाशीच्या पुढच्या लोकांवरचा त्यांचा अभ्यास २०१४ मध्ये आला. त्यात या उपचारानं सुमारे ७० टक्के लोकांना ठळक फरक पडला, नैराश्यासाठी दिल्या जाणाऱ्या दुसऱ्या एका समुपदेशनानं ३२ टक्क्यांना. सहभागी झालेल्यांचं सरासरी वय तुमच्या बाबांच्या आसपासचं होतं, म्हणून मुद्दाम सांगितलं. ‘या वयात आता काय बदलणार’ हे मी रोज ऐकते.

उपचारात तो दिवस सांगणं हा एक भाग. दुसरा, टाळलेल्या जागांकडे थोडं थोडं जाणं. बाबांच्या बाबतीत ती मिरज. आधी नुसतं एसटीत बसून मिरजेच्या स्टँडवर चहा पिऊन परत, मग हॉस्पिटलचा रस्ता, मग दारासमोर पाच मिनिटं. तिसरा, जे बोलायचं राहिलं ते तिला समोर कल्पून बोलणं आणि तिच्या बाजूनं उत्तरही देणं. हे ऐकायला नाटकी वाटतं. पण ज्या पिढीत नवऱ्यानं बायकोचं नाव घेतलं नाही, कौतुक केलं नाही, त्या पिढीतले पुरुष या बैठकीत जे बोलतात ते त्यांच्या मुलांनीही कधी ऐकलेलं नसतं. चौथा भाग उरलेल्या आयुष्याचा: तुम्हाला आता स्वतःसाठी काय हवंय? पहिल्या वेळी बहुतेक जण ‘काही नाही’ म्हणतात.

हा चौथा भाग पुरुषांच्या बाबतीत फार महत्त्वाचा असतो. मार्गारेट श्ट्रोबे आणि हेंक शुट या दोन संशोधकांनी १९९९ मध्ये एक सोपी मांडणी केली. सावरणारा माणूस दोन गोष्टींमध्ये ये-जा करत असतो, कधी दुःखाला भिडतो, कधी बदललेल्या आयुष्याची कामं शिकतो. नुसतं एकाच बाजूला राहिलं की अडकायला होतं. तुमच्या आईनं घरात काय काय सांभाळलं होतं ते आठवा. कुणाचं बारसं, कुणाला फोन, कुणाच्या लग्नात किती आहेर. बाबांची पाहुण्यांशी असलेली सगळी ये-जा तिच्यामार्फत होती. ती गेली तेव्हा ती दोरीही तुटली. ते लग्नाला जात नाहीत याचं अर्धं कारण दुःख असेल, अर्धं असंही असेल की तिच्याशिवाय मांडवात कुठे बसायचं हे त्यांना कळत नाही. विधवा बाईला आपला समाज उघड छळतो. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला आणि मग सरकारनंही परिपत्रक काढलं. विधुराचं बांगड्या-कुंकवासारखं काही काढून घेत नाहीत, म्हणून त्याचं काही गेलंय हेच कुणाच्या लक्षात येत नाही. वर्षाच्या आत ‘दुसरी करा’ म्हणणारे मात्र भेटतात.

गोळ्यांबद्दल. दुःखावर गोळी नाही. शिअर यांच्याच गटाच्या २०१६ च्या अभ्यासात नैराश्यावरचं एक औषध तपासलं गेलं. बोलण्याच्या उपचाराला त्याची जोड दिली तर नैराश्याची लक्षणं आणखी कमी झाली, दुःखाच्या अडकण्यावर त्याचा वेगळा फरक पडला नाही. मीही तेवढ्यासाठीच देते. नैराश्य असेल तर माणसाला कशातच गोडी वाटत नाही, स्वतःबद्दलच वाईट वाटतं. अडकलेल्या दुःखात मन सतत त्या माणसाकडे ओढ घेतं, तिच्याबद्दल बोलताना चेहरा जिवंत होतो. पुष्कळदा दोन्ही एकत्र असतात. म्हणून तपासून घेणं आलं. आणि या वयात मी आणखी काही बघतेच: थायरॉईड, बी-ट्वेल्व्ह, साखर, ऐकू कमी येतंय का, विसरभोळेपणाची सुरुवात आहे का, दारू वाढलीय का. एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणणं हे कधी कधी दुःखाचं नसतं, आधी म्हटल्याचं विसरल्याचं असतं. तुमचा भाऊ रोज बघतो, त्याला विचारा. यातलं काही निघालं तर मी वर लिहिलेलं बरंचसं बदलेल.

घरी काय करायचं ते आता सांगते. कपाट त्यांच्या परस्पर रिकामं करू नका. वहिनी चुकीच्या आहेत असं मी म्हणत नाही. चार वर्षं त्या ते घर चालवतायत, दोन खोल्यांत एक कपाट अडकलेलं आहे, आणि सासऱ्यांच्या दुःखाभोवती पोरांना दबक्या आवाजात वागावं लागतंय, याचा वैताग येणारच. तो त्यांनी तुमच्याजवळ मोकळेपणानं बोलायला हवा आणि तुम्ही तो न चिडता ऐकायला हवा. पण साड्या बाबांच्या हातूनच बाहेर यायला हव्यात. ‘आईची एखादी साडी मला द्याल का, कुठली द्यायची ते तुम्हीच ठरवा’ असं तुम्ही म्हणून बघा. निवडताना प्रत्येक साडीची हकिकत निघेल. एका दिवसात एक साडी निघाली तरी पुष्कळ झालं.

आईचा विषय घरात परत येऊ द्या. नातवंडांसमोर तिचं नाव घ्या, तिच्या रागावण्याच्या, बाजारहाटाच्या गोष्टी सांगा. बाबा रडले तर रडू द्या, पाण्याचा तांब्या घेऊन लगेच धावू नका, शेजारी बसा. आणि ते वाक्य आलं की या वेळी उत्तर देऊ नका, विचारा: ‘त्या दिवशी सकाळी काय झालं होतं, बाबा? मला कुणी सांगितलंच नाही.’ हे तुम्ही विचारलेलं जास्त चांगलं, कारण तुम्ही पुण्यात होतात, तुम्हाला खरोखरच माहीत नाही. ते सांगतील तेवढंच ऐका. दुरुस्त करू नका, लवकर आटपू नका. ‘नको’ म्हणाले तर सोडा, पुढच्या खेपेला परत विचारा. मात्र वर सांगितलेला रेकॉर्ड करून ऐकण्याचा प्रकार घरच्या घरी करू नका, तो उपचाराचा भाग आहे आणि मध्येच सोडला तर त्रास वाढतो. हे सगळं करताना तुमचं स्वतःचंही काही बाहेर येईल. आई तुमचीही होती, आणि लॉकडाऊनमध्ये तुम्हालाही येता आलं नसेल.

एक गोष्ट पुढे ढकलू नका. ‘मला आता तिच्याकडं जायचंय’ असं वयस्कर माणसं सहज म्हणतात, बहुतेक वेळा त्याचा अर्थ थकलोय एवढाच असतो. पण गृहीत धरू नका, सरळ विचारा: ‘जीव द्यायचं मनात येतं का? कसं करायचं ते ठरवलंय का?’ विचारल्यानं डोक्यात भरत नाही, उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस बोलतो. तुमच्याकडे द्राक्षबाग आहे, म्हणजे फवारणीची औषधं घरात किंवा शेडात असणार. ती आजच कुलपात जाऊ द्या आणि चावी भावाकडे राहू द्या. झोपेच्या गोळ्यांचं पाकीटही वहिनींकडे. आई गेल्याची तारीख, अविधवा नवमी, दिवाळी या दिवसांच्या आसपास त्यांना एकटं ठेवू नका. बेत ठरवलाय असं वाटलं, निरवानिरवीची भाषा सुरू झाली, जेवण सोडलं, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

डॉक्टरकडे न्यायचं कसं? ‘तुमच्या डोक्याला झालंय काहीतरी’ म्हणून कुणी येत नाही. झोपेचं निमित्त घ्या, ते खोटंही नाही: ‘बाबा, गोळीशिवाय झोप येत नाही, एकदा त्यातल्या माणसाला दाखवू.’ मी माझ्याकडेच आणा म्हणत नाही. माझा दवाखाना मिरजेत आहे, अडचण तीच आहे. सुरुवात सांगलीत करा, खासगीत किंवा सरकारी मानसोपचार विभागात. जाण्याआधी फोन करून विचारा की दुःखावरच्या समुपदेशनाचा अनुभव असलेलं कुणी आहे का. प्रत्येक ठिकाणी ते नसतं, आणि नुसती चिठ्ठी लिहून मिळाली तर हिरमोड होईल. आठवड्याला गावाहून येणं जमणार नसेल तर काही बैठका व्हिडिओवर होऊ शकतात. पहिल्या दोन-तीन तरी समोरासमोर हव्यात.

काकांच्या वाडीबद्दल माझा विरोध नाही. नृसिंहवाडीला जाऊन दर्शन घेतल्यानं कुणाचं वाईट होत नाही, बाहेरचं काहीतरी लागलंय म्हणून उतारे आणि पैसे सुरू झाले तर थांबवा. राहिलेला विधी आता उशिरा करावा का, असंही लोक विचारतात. बाबांच्या मनात असेल तर जरूर करा. हरिपूरच्या संगमावर किंवा घरीच, अविधवा नवमीला, हिरव्या साडीनं सवाष्णीची ओटी भरून, भावकीला बोलावून. फक्त ते त्यांनी ठरवलेलं असू दे, आणि शक्यतो तो दिवस एकदा तरी पूर्ण सांगून झाल्यावर. तुम्ही लोकांनी परस्पर भटजी बोलावून ‘आता झालं, आता विसरा’ म्हणून उरकलं तर दुसऱ्या दिवशी रात्री मोबाईल पुन्हा चार्जिंगला लागेल.

आणि ती झोपेची गोळी. चार वर्षांत कधीपासून चालू आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत. वरचं वाचून कुणी ती एकदम बंद करू नका. यातल्या बऱ्याच गोळ्या अचानक थांबवल्या तर झोप पूर्ण उडते, हातपाय थरथरतात, कुणाला फिटही येते. पाकीट आणि जुन्या चिठ्ठ्या पहिल्या भेटीला बरोबर न्या, कमी कशी करायची ते तिथले डॉक्टर ठरवतील. तोवर रात्री लघवीला उठताना तोल जाऊन पडणार नाहीत एवढं बघा, डोळ्यानं आधीच कमी दिसतंय.